एक टक्का ऑक्सिजन

पेशी वाढवायच्या इन्क्युबेटरच्या दारावर एक छोटा पडदा असतो आणि त्यावर दोन आकडे दिसतात. ३७.० म्हणजे तापमान आणि ५.० म्हणजे कार्बन डायऑक्साइडची टक्केवारी. यातला एकही आकडा जरा हलला की यंत्र ओरडायला लागतं आणि लॅबमधला जो जवळ असेल तो धावतो. ऑक्सिजनचा आकडा मात्र बहुतेक इन्क्युबेटरांवर नसतोच. आत खोलीतलीच हवा असते. तिच्यात कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प मिसळलं की ऑक्सिजन १८-१९ टक्के उरतो. जगभरातल्या प्रयोगशाळांमध्ये कॅन्सरच्या पेशी याच हवेत वाढवतात, याच हवेत त्यांच्यावर औषधं तपासतात.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रबंधासाठी मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत दाखल झाले, तेव्हा माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पहिला प्रश्न या न दिसणाऱ्या आकड्याबद्दलच विचारला. "या पेशी बाईच्या शरीरात होत्या, तेव्हा त्यांना ऑक्सिजन किती मिळत असेल?" मी गप्प बसले. त्यांनी वाचायला काही शोधनिबंध हातात ठेवले आणि उत्तर सापडलं की ये म्हणाल्या.

सापडलं ते असं. धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या साधारण १०० मिलिमीटर इतका असतो. हवेतल्या टक्केवारीच्या भाषेत तो १३ टक्क्यांच्या आसपास येतो. केशवाहिन्यांतून बाहेर पडून निरोगी ऊतींपर्यंत पोचेपर्यंत बहुतेक ठिकाणी ३ ते ७ टक्के उरतात. आणि वाढलेल्या गाठीच्या आत कित्येक जागी १ टक्कासुद्धा नसतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांश असतो, म्हणजे तिथला श्वास इथल्या ७ टक्के ऑक्सिजनच्या श्वासासारखा. गाठीच्या पोटातल्या पेशीला त्याच्याही कितीतरी खाली भागवावं लागतं. ती भागवते. एवढंच नाही, तिथे राहिलेल्या पेशीच पुढे उपचारांना सगळ्यात कमी दाद देतात. मला अभ्यासायचं होतं ते हेच.

हा विषय मी का घेतला, हे प्रबंधात लिहायला जागा नसते. मी बार्शी तालुक्यातली. बारावीत होते तेव्हा माझ्या मावशीला गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला. उपचारांची तारीख ठरली, ती पुढे गेली. फोनवर ती म्हणाली, "आगं, रगत कमी हाय म्हणत्यात. रगत चढवल्याबिगर लाईट द्यायची न्हाई." मला तेव्हा वाटलं की अशक्तपणा आहे म्हणून थांबलेत, बाईला उपचार सोसायला नकोत का. रक्त आणि रेडिएशन यांचा आणखी काही संबंध असेल असं मनातही आलं नाही. हिमोग्लोबिन १० च्या खाली गेलं की रेडिएशनच्या काळात रक्त देऊन ते वर ठेवायचं, ही पद्धत अनेक रुग्णालयांत आहे, आणि तिच्यामागे अशक्तपणाखेरीज दुसरंही एक कारण आहे हे मला त्या शोधनिबंधांत कळलं.

त्यांतला सगळ्यात जुना १९५५ सालचा होता. इंग्लंडमध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. गाठीतल्या पेशींचे दांडे दिसत होते, बाहेरून रक्तवाहिन्या आणि मधे मेलेल्या पेशींचा गाभा. दांडा कितीही जाड असो, जिवंत पेशींचा थर एका ठरावीक जाडीच्या पुढे जात नव्हता, साधारण १८० मायक्रॉन. म्हणजे एक मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. ऑक्सिजन रक्तवाहिनीतून निघून पेशींमधून झिरपत जातो, वाटेतल्या पेशी तो वापरत राहतात आणि तेवढ्या अंतरावर तो संपतो. त्या पलीकडे मृत्यू. पण जिवंत आणि मृत यांच्या सीमेवर एक पातळ पट्टा उरतो, जिवंत पण श्वास कोंडलेल्या पेशींचा. ग्रे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. हा पट्टा रेडिएशनला पुरून उरत असणार हे त्यांनी ओळखलं होतं. आज रेडिएशनचा डोस ज्या एककात मोजतात ते 'ग्रे' त्यांच्याच नावाचं. मावशीच्या फाइलवर 'जीवाय' अशी खूण होती ती हीच.

कामाला सुरुवात झाली ती पेशींपासून. मला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या दोन पेशीमालिका, म्हणजे एका रुग्णाच्या गाठीतून घेऊन प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या पेशी, मिळाल्या, हेला आणि सिहा. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आहे, एनसीसीएस. देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशीमालिका तिथल्या कोशिका भांडारातून मिळतात. सिहा एका जपानी रुग्णाच्या गाठीतून आलेली, तिच्यात एचपीव्ही-१६ हा या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू. हेलामध्ये एचपीव्ही-१८. हेला ज्या बाईंच्या, त्या हेन्रिएटा लॅक्स, अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये उपचार घेणाऱ्या कृष्णवर्णीय बाई. १९५१ मध्ये त्यांच्या गाठीचा तुकडा त्यांना न विचारता घेतला गेला, त्याच वर्षी वयाच्या ३१ व्या वर्षी त्या गेल्या, आणि त्यांच्या पेशी आजही वाढताहेत. मावशीच्याच आजाराच्या या पेशी मी रोज हाताळत होते. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात पहिलं नाव मी लॅक्स यांचं लिहिलं. मार्गदर्शकांच्या आधी लिहिलं म्हणून कोणी काही म्हणेल असं वाटलं होतं. मॅडम वाचून म्हणाल्या, बरोबर आहे.

पेशी पोसायला शिकण्यात पहिले आठवडे गेले. ते सगळीकडे सारखंच असतं, त्याबद्दल फार लिहीत नाही. निर्जंतुक हवेच्या हूडमध्ये हात कसे ठेवायचे, पेशी बशीपासून सोडवणारं ट्रिप्सिन किती वेळ, पेशींना पोसणाऱ्या द्रवाचा, म्हणजे माध्यमाचा, गुलाबी रंग पिवळट व्हायला लागला की पेशींनी आम्ल सोडलंय हे कसं ओळखायचं. रंगाची ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली.

खरी अडचण होती कमी ऑक्सिजन आणायचा कुठून. ऑक्सिजनवर नियंत्रण असलेले इन्क्युबेटर आणि बंद वर्कस्टेशन मिळतात, पण ती महाग असतात. म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच प्रबंधांत दुसरा रस्ता धरलेला दिसतो. माध्यमात कोबाल्ट क्लोराइड टाकायचं, १०० किंवा २०० मायक्रोमोलर. फिकट गुलाबी द्रावण, हातात घ्यायला सोपं. टाकलं की काही तासांत पेशी ऑक्सिजन नसल्यासारख्या वागू लागतात. माझ्या आधीच्या विद्यार्थ्यांनीही तसंच केलेलं होतं, आणि सुरुवातीला मीही कोबाल्टच वापरला.

पण तो नेमकं काय करतो हे समजून घेतल्यावर मला त्याची मर्यादा दिसली. पेशीत हिफ-१ अल्फा नावाचं एक प्रथिन सतत तयार होत असतं. ऑक्सिजन असेल तर काही एन्झाइमं त्या प्रथिनातल्या प्रोलिन या अमिनो आम्लाच्या ठरावीक जागांवर ऑक्सिजनच्या मदतीने खूण करतात. ही खूण ओळखून व्हीएचएल नावाचं दुसरं प्रथिन येतं आणि हिफला नष्ट होण्याच्या रांगेत लावतं. पाच मिनिटांच्या आत निम्मं हिफ संपतं. ऑक्सिजन नसला की खूण होत नाही, हिफ साठतं, केंद्रकात जातं आणि शेकडो जनुकं चालू करतं. या सगळ्याची सुरुवात ग्रेग सेमेन्झा यांच्या शोधापासून झाली. रक्तपेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाचं जनुक ऑक्सिजन कमी झाल्यावर कशामुळे जागं होतं, हे ते शोधत होते आणि १९९२ मध्ये त्यांच्या गटाने हिफचं वर्णन केलं. पीटर रॅटक्लिफ मूत्रपिंडाचे डॉक्टर, तेही त्याच संप्रेरकाच्या मागे होते. विल्यम केलिन एका आनुवंशिक आजाराकडून या विषयात आले, ज्यात व्हीएचएल बिघडलेलं असतं आणि रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेल्या गाठी होतात. २००१ मध्ये केलिन आणि रॅटक्लिफ यांच्या गटांनी ती प्रोलिनवरची खूण दाखवून दिली. २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळून मिळालं.

खूण करणाऱ्या त्या एन्झाइमांना काम करायला लोह लागतं. कोबाल्ट त्यांचं हे काम बंद पाडतो, आणि लोहाची जागा बळकावूनच तो हे करतो असं साधारणपणे मानतात. मग ऑक्सिजन भरपूर असूनही हिफ साठतं. म्हणजे पेशीच्या पोटातली सूचना खरी वाटते, पण बशीत ऑक्सिजन जसाच्या तसा असतो. हिफचा अभ्यास करायचा असेल तर कोबाल्ट उत्तम. पण ऑक्सिजनचा अभ्यास करायचा असेल तर तो पुरत नाही, आणि तशा प्रबंधाच्या शीर्षकात 'ऑक्सिजनची कमतरता' असे शब्द येऊ नयेत असं माझं स्पष्ट मत झालं आहे. 'कोबाल्ट क्लोराइडचा परिणाम' असं लिहावं. त्यात कमीपणा काहीच नाही.

मॅडमनी एका दुसऱ्या लॅबमधून आमच्यासाठी बंद चेंबर मिळवलं. पारदर्शक जाड प्लास्टिकचा गोल डबा, आत बश्या ठेवायच्या जाळ्या, बाजूला दोन नळ्या आणि त्यांना चिमटे. तळाशी पाण्याची बशी ठेवायची, नाहीतर कोरड्या गॅसने माध्यम उडून जातं. सिलिंडरमध्ये तयार मिश्रण असतं, १ टक्का ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, बाकी नायट्रोजन. एका नळीतून गॅस सोडायचा, दुसरीतून आतली हवा बाहेर जाऊ द्यायची, मग दोन्ही चिमटे लावून डबा ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायचा. ऐकायला पाच मिनिटांचं काम.

तसं ते नसतं. डब्यातली हवा बदलली तरी माध्यमात आधीच विरघळलेला ऑक्सिजन हळूहळू बाहेर येतो, त्याला तास लागतात. प्लास्टिकच्या बश्यासुद्धा स्वतःमध्ये ऑक्सिजन धरून ठेवतात आणि सावकाश सोडतात. म्हणून माध्यम आदल्या रात्रीपासूनच कमी ऑक्सिजनमध्ये ठेवायचं, आणि डबा बंद केल्यावर तास-दीड तासाने पुन्हा गॅस सोडायचा. पेशी बशीच्या तळाला चिकटलेल्या असतात, त्यांच्यावर माध्यमाचा थर. थर जाड असेल तर वरून ऑक्सिजन पोचायला वेळ लागतो, आणि पेशी दाट असतील तर असलेला ऑक्सिजन त्याच संपवतात. यातली मला सगळ्यात हलवून गेलेली गोष्ट अशी की साध्या इन्क्युबेटरमध्ये, १८ टक्के हवेतसुद्धा, गच्च भरलेल्या बशीच्या तळाशी पेशींना मिळणारा ऑक्सिजन खूप कमी असू शकतो. दारावरच्या पडद्यावर तर तो आकडाच नाही. मग किती प्रयोगांमध्ये कुणाच्याही नकळत कमी ऑक्सिजन येऊन बसला असेल? तेव्हापासून मी प्रत्येक बशीत पेशींची संख्या आणि माध्यमाची उंची सारखी ठेवू लागले आणि वहीत दोन्ही लिहू लागले.

हिफ डोळ्यांनी पाहायचं म्हणजे वेस्टर्न ब्लॉट, पेशीतली प्रथिनं वेगळी करून हवं त्याची पट्टी दाखवणारी पद्धत. आणि इथे त्या पाच मिनिटांचं गणित आडवं येतं. चेंबर उघडलं की खोलीतली हवा आत शिरते आणि हिफ नष्ट व्हायला लागतं. बशी काढून, धुऊन, पेशी फोडेपर्यंत दहा मिनिटं गेली तर पट्टी फिकी पडते किंवा उरतच नाही. आमच्या लॅबमधली पीएच.डी. करणारी ताई आणि मी, दोघींनी मिळून हे काम बसवलं. बर्फाच्या ट्रेवर सगळ्या नळ्या आधीच खुणा करून रांगेत. गार बफर भरून ठेवलेलं. खरवडायच्या पट्ट्या उघडून ठेवलेल्या. ती चिमटा काढून झाकण उचलायची, मी बशी घेऊन माध्यम ओतून थेट बर्फावर ठेवायचे आणि पेशी फोडणारं द्रावण टाकायचे. मधे कुणी बोलायचं नाही. दोघींच्या हातांना ती लय सापडली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी संशोधन करते आहे.

पुढचं काम सावकाशीचं. जेल चालवायचं, प्रथिनं पडद्यावर उतरवायची, पडदा पाँसोच्या लाल रंगात बुडवून सगळं नीट उतरलंय ना ते बघायचं, मग दुधाच्या भुकटीच्या द्रावणात तासभर हलवत ठेवायचा आणि रात्रभर शीतखोलीत अँटिबॉडीत. हिशोबाने हिफ-१ अल्फाचं वजन ९३ किलोडाल्टन, पण जेलवर ते त्याहून वर, ११० ते १२० च्या आसपास दिसतं. हे आधी माहीत नसेल तर माणूस खरी पट्टी सोडून भलत्याच जागी शोधत बसतो. दुसऱ्या दिवशी यंत्राच्या पडद्यावर साध्या हवेतल्या पेशींच्या रांगेत जवळजवळ काहीच नव्हतं, आणि शेजारी चार तास एक टक्क्यात राहिलेल्या पेशींच्या रांगेत काळीभोर पट्टी. खाली अ‍ॅक्टिन हे तुलनेसाठीचं प्रथिन दोन्हीकडे सारखं. आठ तासांनाही पट्टी ठळक. चोवीस तासांना मात्र ती पुन्हा फिकी झाली होती. मी घाबरले नाही, कारण हे वाचलेलं होतं. हिफ स्वतःच आपल्याला नष्ट करणारी एन्झाइमं वाढवतं, त्यामुळे लांबलेल्या टंचाईत त्याची पातळी खाली येते. पण वाचणं वेगळं आणि आपल्या पडद्यावर ते उमटलेलं बघणं वेगळं.

दरम्यान पेशी काय करत होत्या? मला वाटलं होतं, मरतील. चोवीस तासांनंतर सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर त्या होत्या, थोड्या कमी, वाढ मंदावलेली, पण घट्ट चिकटलेल्या. माध्यम मात्र साध्या हवेतल्यापेक्षा लवकर पिवळं झालं होतं. मी दुष्काळी पट्ट्यातली आहे, त्यामुळे त्यांचं वागणं मला समजायला वेळ लागला नाही. पाणी आटलं की गाव आधी खर्च कमी करतं, मग बोअर आणखी खोल नेतं, आणि तरी भागलं नाही तर माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. हिफने चालू केलेली जनुकं याच तीन दिशांना जातात. पीडीके-१ हे एन्झाइम मायटोकाँड्रियाकडे जाणारा रस्ता अडवतं म्हणजे ऑक्सिजनचा खर्च कमी होतो, आणि ग्लुट-१ पेशीत जास्त ग्लुकोज आणतं, जे ऑक्सिजनशिवाय वापरून त्याचं लॅक्टिक आम्ल होतं. त्यानेच रंग पिवळा. व्हीईजीएफ बाहेर पडून नव्या रक्तवाहिन्यांना बोलावतं. आणि लायसिल ऑक्सिडेजसारखी एन्झाइमं आजूबाजूचं जाळं बदलून पेशीला जागा सोडून जायला वाट करून देतात. जागा सोडून जाणं म्हणजे मेटास्टॅसिस. टंचाईने गाठ कमजोर होत नाही, ती हलायला शिकते.

जर्मनीत माइन्झ इथे होकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या रुग्णांमध्ये गाठीत सुईसारखा इलेक्ट्रोड घालून ऑक्सिजन मोजला होता. १९९६ च्या त्यांच्या निबंधात ज्यांच्या गाठीतला मध्यक दाब १० मिलिमीटरच्या खाली होता त्यांचे परिणाम वाईट निघाले, आणि हे रेडिएशन न देता शस्त्रक्रिया केलेल्या बायकांमध्येही दिसलं. म्हणजे गोष्ट फक्त रेडिएशनची नाही. हा निबंध मी इतक्या वेळा वाचला की त्यातल्या आकृत्या मला कागदाशिवाय काढता येतील.

तरी रेडिएशनचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. मॅडमनी एका रुग्णालयाच्या रेडिओथेरपी विभागाशी बोलून ठेवलं. दिवसभराचे रुग्ण संपले की संध्याकाळी यंत्र थोडा वेळ आमच्यासाठी मिळायचं. तिथले मेडिकल फिजिसिस्ट सर थकलेले असायचे, पण चेंबरच्या खाली-वर प्लास्टिकच्या पाट्या किती रचायच्या म्हणजे पेशींच्या थरावर नेमका डोस पोचेल, याचा हिशोब त्यांनी आमच्यासाठी स्वतः बसून केला.

त्यांनीच मला एक गोष्ट सांगितली जी माझ्या आराखड्यात नव्हती. एक टक्का ऑक्सिजन हिफला जागं करायला पुरेसा कमी आहे, पण रेडिएशनपासून वाचायला तो पुरेसा कमी नाही. किरण पडले की डीएनएवर मुक्त मूलकं, म्हणजे चटकन प्रतिक्रिया करणाऱ्या अस्थिर जागा, तयार होतात. ऑक्सिजन जवळ असेल तर तो त्या जागी बसून इजा कायमची करतो. नसेल तर पेशीतली गंधकयुक्त द्रव्यं ती इजा तिथल्या तिथे भरून काढतात. हा सगळा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत संपतो. आणि ऑक्सिजनचा हा परिणाम निम्म्यावर यायला दाब ३ मिलिमीटरपर्यंत उतरावा लागतो, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्याही खाली. तेव्हा आम्ही दुसरं मिश्रण घेतलं, ९५ टक्के नायट्रोजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन शून्य, आणि प्लास्टिकऐवजी काचेच्या बश्या.

तीन गट केले. पहिला साध्या हवेत वाढलेला आणि हवेतच किरण घेतलेला. दुसरा बंद चेंबरमध्ये, ऑक्सिजन जवळजवळ शून्य असताना किरण घेतलेला. तिसरा चोवीस तास एक टक्क्यात ठेवून, किरणांच्या जरा आधी चेंबर उघडून हवा दिलेला. डोस ० पासून २-२ ग्रेने ८ पर्यंत. मग पेशी मोजून विरळ पेरायच्या आणि दोन आठवडे हात लावायचा नाही. जी पेशी खरोखर वाचली ती वाढून ठिपका तयार करते, पन्नासहून जास्त पेशींचा ठिपका झाला तरच मोजायचा. ही पद्धत पक आणि मार्कस यांनी १९५० च्या दशकात बसवली, आणि ती हेला पेशींवरच. त्याच पेशींवर, त्याच पद्धतीने मी काम करत होते याचं मला फार अप्रूप वाटलं.

क्रिस्टल व्हायोलेटने बश्या रंगवल्या आणि खिडकीपाशी ओळीने मांडल्या. मोजायच्या आधीच दिसत होतं. पहिल्या गटात डोस वाढेल तसे जांभळे ठिपके झपाट्याने कमी होत गेलेले. दुसऱ्या गटात त्याच डोसला कितीतरी जास्त ठिपके. पुस्तकात लिहिलेलं असतं की ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. ते वाक्य माझ्यासमोर काचेवर पसरलेलं होतं.

पण मी जास्त वेळ बघत बसले ती तिसऱ्या गटाच्या बश्या. या पेशी चोवीस तास टंचाईत राहिल्या होत्या, त्यांनी हिफचा सगळा कार्यक्रम राबवला होता, तरीही किरणांच्या वेळी हवा मिळाली आणि त्या जवळजवळ पहिल्या गटाइतक्याच मेल्या. याचा अर्थ माझ्या बश्यांपुरता तरी असा की किरणांपासूनचा हा बचाव मुख्यतः त्या क्षणी ऑक्सिजन नसण्याचा होता, पेशीने शिकून घेतलेल्या गोष्टींचा नव्हता. कोबाल्टवर प्रबंध पुरा केला असता तर हा फरक मला कधीच दिसला नसता, कारण कोबाल्टच्या बशीत हिफ आणि ऑक्सिजन दोन्ही असतात.

आणि मग मावशीचं रक्त. हिमोग्लोबिन वाढलं की गाठीपर्यंत ऑक्सिजन जास्त पोचण्याची शक्यता वाढते. नुसतं रक्त देऊन गाठीच्या आतली प्रत्येक कोंडलेली जागा सुटत नाही, वाकड्यातिकड्या रक्तवाहिन्यांतून तो कुठवर जाईल याची हमी नसते, आणि रक्त दिल्याने नेमका किती फायदा होतो याबद्दल तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. पण विचाराची दिशा हीच. रेडिएशन एकदम न देता पाच आठवडे रोज थोडं थोडं देतात, त्याच्या कारणांतही हे एक आहे. बाहेरच्या, ऑक्सिजन मिळणाऱ्या पेशी आधी मरतात, मग आतल्यांच्या वाट्याला ऑक्सिजन येतो आणि पुढच्या डोसला त्या सापडतात. डेन्मार्कमध्ये डोके आणि मानेच्या कॅन्सरला रेडिएशनसोबत निमोराझोल हे जुनं, स्वस्त औषध देतात, ते ऑक्सिजनच्या ऐवजी इजा पक्की करण्याचं काम करतं. ब्रिटनमधल्या अलीकडच्या चाचणीत मात्र तसा फायदा दिसला नाही. मला वाटतं, सगळ्या रुग्णांना सरसकट न देता आधी कोणाच्या गाठीत ऑक्सिजन कमी आहे ते मोजायला हवं. हे मोजणं स्वस्त आणि सोपं झालं तर सोलापूर-धाराशिवच्या बायकांना त्याचा उपयोग होईल. नाहीतर ते निबंधातच राहील.

सुट्टीत गावी गेले तेव्हा मावशीला हे सगळं सांगितलं. उपचार होऊन तिला बरीच वर्षं झाली, ती ठणठणीत आहे, तपासणीला नेमाने जाते. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आधीच बारीक असताना घावली तर ह्यातलं कायबी लागत न्हाई ना?" बरंचसं लागत नाही, मी म्हटलं. बार्शीला १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, की एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही या कॅन्सरचे मृत्यू कमी होतात. मावशी आता वाडीतल्या बायकांना तपासणीला घेऊन जाते. तिच्या या कामाला माझ्या बश्यांपेक्षा मी कमी मानत नाही.

प्रबंध जमा झाला आहे, पण मी लॅब सोडलेली नाही. माझ्या तिन्ही गटांत ऑक्सिजन एक तर होता, एक तर नव्हता. खऱ्या गाठीत रक्तवाहिन्या काही मिनिटांसाठी, कधी तासांसाठी बंद पडतात आणि पुन्हा उघडतात. त्यामुळे एकच पेशी दिवसातून कित्येकदा टंचाईत जाते आणि बाहेर येते. हे ये-जा करणं सलग टंचाईपेक्षा पेशीला वेगळं काही शिकवतं का, हे आता बघायचं आहे. ताईने त्यासाठी दोन सिलिंडरांमध्ये आलटून पालटून उघडणारा व्हॉल्व्ह बसवायला घेतला आहे, आणि मी सिहापासून सुरुवात करणार आहे.